टेबलावरचं प्रोखोरोव्का

रविवारची अख्खी दुपार टेबलाशी गेली. हिरवट कापडाचा माळ, कडेने रेल्वेचे रूळ आणि मधोमध तपकिरी पट्टी, म्हणजे रणगाडे अडवण्यासाठी खणलेला खंदक. खेळ प्रोखोरोव्काच्या रणगाड्यांच्या लढाईचा, तारीख १२ जुलै १९४३. माझ्याकडे सोव्हिएत बाजू, बोटाएवढे टी-३४ रणगाडे. मित्राकडे जर्मन टायगर रणगाडे मोजकेच, पण त्यांची ८८ मिलिमीटरची तोफ लांबूनच टिपते. आपली ७६ मिलिमीटरची. तेव्हा थेट अंगावर धावून जाण्यावाचून गत्यंतर नाही. प्रत्यक्ष लढाईत सोव्हिएत सेनापती रोत्मिस्त्रोव्हने तेच केलं होतं. क्रूर चेष्टा अशी, की तो खंदक सोव्हिएतांनीच आधी खणलेला. त्यांचेच रणगाडे भरधाव येऊन त्यात कोसळले.

फासे आज माझ्या बाजूने होते. मी पलीकडे पोचलो, मित्र धुसफुसला. (हरला की त्याला नेहमी नियमपुस्तिका आठवते!) पण बाद झालेला टी-३४ उचलून खोक्यात टाकताना हात जरा रेंगाळतो. आत चार जण असत.

ही लढाई वर्षानुवर्षं सोव्हिएतांचा दणदणीत विजय म्हणून सांगितली गेली. प्रत्यक्षात त्या दिवशी त्यांचे रणगाडे जर्मनांच्या कित्येक पटींनी गेले. आणि तरीही ही लढाई ज्या कुर्स्कच्या मोहिमेचा भाग होती, ती जर्मनीच हरली.