रिकामी जागा

लहान गावातल्या मराठीच्या प्राध्यापकाला दोन कामे बिनपगारी करावी लागतात. एक, लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासून देणे. आणि दुसरे, कोणी एखादा इंग्रजी शब्द पुढे टाकला की त्याला उभ्याउभ्या मराठी प्रतिशब्द काढून देणे. जव्हारच्या पावसाळ्यात धुक्याखेरीज सहसा कोणी भेटायला येत नाही, त्यामुळे ही दोन्ही कामे मी मोठ्या हौसेने करतो. पण यंदा आमच्या पदार्थविज्ञानाच्या तरुण प्राध्यापकांनी जो शब्द माझ्यापुढे टाकला, त्याने माझी चांगलीच परीक्षा पाहिली. शब्द होता ‘क्रीप’.

“विसर्पण म्हणा की,” मी भारदस्तपणे सांगितले.

“सर, विसर्प म्हणजे धावरे ना? आजी म्हणायची. पोरे हसतील.”

“बरे, मग सरपटणे? पण सरपटते कोण?”

“ऑक्साइड, सर. चिनी मातीच्या गोत्रातले. भट्टीत, तापल्यावर.”

दगडासारखी वस्तू सरपटते म्हटल्यावर शब्द बाजूला राहिला आणि मीच त्या गोष्टीच्या मागे लागलो.

गोष्ट तशी आपल्या घरातली आहे. पुस्तकांच्या कपाटातली फळी पाहा. पहिल्या दिवशी ती सरळ असते. दहा वर्षांनी मधोमध झोळ आलेला असतो. अमुक दिवशी वाकली असे कोणी सांगू शकत नाही. आणि पुस्तके काढून घेतली म्हणून ती पूर्ववत सरळही होत नाही. भार तोच, वस्तू तीच, वाढत गेला तो फक्त काळ. या वाकण्याला क्रीप म्हणतात. लाकूड हे घरच्या उबेतच करते. ऑक्साइडांना मात्र धग लागते. स्कूटरच्या स्पार्क प्लगवरचा पांढरा भाग हा अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा, म्हणजे अॅल्युमिनाचा असतो. थंड असताना त्यावर हातोडी मारली तर तो फुटेल, पण वाकणार नाही. तोच हजार-बाराशे अंशांपलीकडे तापवून भाराखाली ठेवला, तर वितळायला अजून कितीतरी अंश बाकी असताना, कुठे तडा न जाता, हळूहळू आकार बदलू लागतो.

“म्हणजे वीटभट्टीतली खंगर वीट?” मी विचारले. आमच्या भागात वीटभट्टी सर्वांच्या परिचयाची.

“नाही सर. खंगर विटेत मातीचा काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि मग वीट बसते. इथे काहीच वितळत नाही. घनच्या घन राहून ते सरकते.”

हे घडते कसे? स्फटिकात अणू कवायतीतल्या मुलांसारखे रांगांनी उभे असतात. रांगा अगदी भरगच्च असत्या तर कोणाला हलायला वावच नव्हता. पण तशा त्या कधीच नसतात. रशियन शास्त्रज्ञ फ्रेंकेल याने १९२६ साली सांगितले की एखादा अणू आपली जागा सोडून भलत्याच फटीत जाऊन बसतो आणि मागे मोकळी जागा ठेवतो. पुढे १९३० साली वाग्नर आणि शॉट्की या दोघांनी अशा रिकाम्या जागांचा हिशेब नीट मांडला. उष्णता जितकी जास्त, तितक्या या जागा जास्त. आणि त्या भराभर वाढत जातात. शास्त्रात याला ‘दोष’ म्हणतात. इंग्रजीत या जागेला जो शब्द आहे, तोच वर्तमानपत्रात नोकरीच्या जाहिरातीवर असतो. तेव्हा प्रतिशब्द शोधायची गरजच उरली नाही: रिकामी जागा!

वर्गातल्या बाकावर मधेच एक मूल गैरहजर असले, तर शेजारचे मूल तिथे सरकते, त्याच्या जागी त्याच्या पलीकडचे. मुले एकीकडे सरकतात, रिकामी जागा उलट्या दिशेने चालत जाते. ऑक्साइडाच्या कणात हेच चालते. ज्या बाजूंवर दाब आहे तिथे रिकाम्या जागा कमी, ज्या बाजूंवर ताण आहे तिथे जास्त. साहजिकच अणू दाबाच्या बाजूकडून निघतात आणि ताणाच्या बाजूला जाऊन वसतात. एकेका अणूचे सरकणे ते केवढे. पण अब्जावधी सरकले की अख्ख्या वस्तूचा आकार बदलतो. नाबारोने १९४८ साली आणि हेरिंगने १९५० साली हे गणितात बसवले. हा प्रवास कणाच्या पोटातून होतो. कोबल नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९६३ साली दाखवले की अणू कणांच्या बांधाबांधानेही जातात, आणि पुष्कळदा तीच वाट जवळची ठरते. म्हणून कण जितके बारीक तितके सरकणे जलद. कण दुप्पट मोठे केले, तर पोटातल्या वाटेने वेग एक चतुर्थांश होतो आणि बांधाच्या वाटेने एक अष्टमांश. (रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियमच्या दिव्यांत अॅल्युमिनाची जी अर्धपारदर्शक नळी असते, तीही याच कोबलच्या कामातून निघाली.)

ऑक्साइडात आणखी एक पेच आहे. तिथे बिऱ्हाडे दोन, धातूचे आणि ऑक्सिजनचे; आणि दोघांचे प्रमाण आणि विद्युतभार सांभाळूनच हलावे लागते. एक नुसताच पुढे पळाला तर चालत नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडी जशी सर्वांत सावकाश चालणाऱ्या म्हातारीच्या पायांनी चालते, तसा इथला वेगही दोघांतला जो मंद, तो ठरवतो.

याचे मोठे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात निघाले. तारापूरची अणुवीज १९६९ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. तेव्हा आम्ही सगळे ठाणे जिल्ह्यात होतो, २०१४ साली पालघरचे झालो. त्या भट्टीतले इंधन म्हणजे युरेनियमचा ऑक्साइड. त्याची भुकटी दाबून, सुमारे सतराशे अंशांवर भाजून, बोटाच्या पेराएवढ्या वड्या करतात आणि त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळीत एकीवर एक रचतात. नळीची भिंत एका मिलिमीटरहूनही पातळ. भट्टी चालू झाली की वडीचा गाभा हजार अंशांपलीकडे जातो, कड मात्र बरीच थंड राहते. गाभा फुगू पाहतो, कड अडवते, वडीला तडे जातात. पुढे वडी फुगत फुगत नळीच्या भिंतीला भिडते. ती शेवटपर्यंत हट्टाने ताठ राहिली, तर सारा ताण त्या पातळ भिंतीला सोसावा लागेल. पण तापलेला गाभा सरकतो, थोडे नमते घेतो आणि भिंतीवरचा भार हलका होतो. पुष्कळ वड्यांच्या तोंडांशी उथळ खळगाही ठेवतात, गाभ्याला फुगायला वाव असावा म्हणून. इथे ऑक्सिजन चपळ आणि युरेनियम मंद, म्हणून दिंडी युरेनियमच्या पायांनी चालते. ऑक्सिजन प्रमाणाबाहेर थोडासा जरी वाढला तरी युरेनियमच्या रिकाम्या जागा वाढतात आणि सरकणे जलद होते. म्हणजे भट्टीच्या छताला जो दोष बुडवील, तोच इथे नळीला तारतो. गुणदोष हे वस्तूत नसून ती कुठे ठेवली आहे त्यात असतात, हे मी साहित्यशास्त्राच्या तासाला सांगतच आलो होतो!

इथपर्यंत मी हे सारे गमतीने ऐकत होतो. पण दिवाळी जवळ आली, आणि रिकाम्या जागा हा शब्द मला निराळाच ऐकू येऊ लागला.

जव्हार-मोखाड्यात वाघबारस होते, नागली-वरई घरात येते, तारपा वाजतो. आणि दिवाळी सरली की पाड्यावरची माणसे निघतात. डोंगरउतारावर पुढे काम नसते, आगाऊ घेतलेले पैसे फेडायचे असतात. ट्रक येतो. भांडी, कोंबड्या, तान्ही मुले घेऊन घरेच्या घरे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. कोणी त्यांना धक्का मारीत नाही. इथे दाब आहे आणि तिकडे जागा आहे, एवढेच. पाडा फुटत नाही, ओरडत नाही, नुसता सरकतो. माझ्या वर्गातही दिवाळीनंतर दोनचार बाके रिकामी दिसतात. हजेरी घेताना नाव पुकारले की शेजारचा मुलगा सांगतो, “भट्टीवर गेलाय, सर.”

अणूंचे आणि माणसांचे सगळेच जुळत नाही, हे मला कळते. अणूला घराची ओढ नसते. ही माणसे मृगाच्या आधी परत येतात, छपरे शाकारतात, पेरणी करतात. पण फळीचे जे आहे ते त्यांच्या मुलांच्या बाबतीत खरे ठरते: भार उतरला तरी झोळ जात नाही. पाच-सहा महिन्यांची बुडालेली शाळा पावसाबरोबर परत येत नाही.

आमच्या प्राध्यापकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अॅल्युमिनात यिट्रियम नावाच्या धातूचे ऑक्साइड चिमूटभर मिसळले, तर ते कणांच्या बांधांवर जाऊन बसते आणि सरकणे कित्येक पटींनी मंदावते. चिमूटभरच, पण जिथून माल जातो नेमके तिथे. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तो अशीच एक चिमूट होता. पाड्याजवळ बांधबंदिस्तीचे काम आणि वेळेवर मजुरी मिळाली तर ट्रकची वाट पाहावी लागत नाही. आणि आईबाप गेले तरी पोराला मागे राहता यावे म्हणून आश्रमशाळा, वसतिगृहे आहेत.

यंदा सुट्टीआधी मी आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक मिळून एक यादी केली आहे: कोणाकोणाचे घर भट्टीवर जाणार, आणि त्यांतल्या कोणाकोणाला वसतिगृहात जागा हवी. यादीत सध्या अकरा नावे आहेत. क्रीपला मराठी शब्द अजून सापडलेला नाही.