मी हिग्वाइनच्या बाजूचा होतो

ऑक्टोबर 2022 मध्ये करीम बेंझेमाला बॅलन डी'ओर मिळाला, तेव्हा ‘आम्ही आधीपासून सांगत होतो’ म्हणणारे पुष्कळ निघाले. मी त्यांच्यातला नाही. रिअल माद्रिदने गोन्झालो हिग्वाइनला ठेवायला हवं होतं आणि बेंझेमाला जाऊ द्यायला हवं होतं, हे माझं मत कित्येक वर्षं ठाम होतं. ते बदललं बेंझेमाच्या सर्वांत वाईट हंगामात, 2017-18 मध्ये. त्या हंगामात ला लीगात त्याच्या नावावर अवघे पाच गोल होते. हे उलटंच वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिग्वाइन जानेवारी 2007 मध्ये अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटकडून माद्रिदला आला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. मे 2008 मध्ये ओसासुनाविरुद्ध 89व्या मिनिटाला त्याने गोल केला आणि त्या विजयाने रिअलचं लीग विजेतेपद पक्कं झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मालागावर 4-3 असा विजय मिळाला, त्यातले चारही गोल त्याचे. मग 2009 च्या उन्हाळ्यात क्लबने पैशांची थैली सोडली. रोनाल्डो आला, काका आला आणि साडेतीन कोटी युरो मोजून लिऑनचा बेंझेमा आला. हिग्वाइन आता बाकावर बसणार, असं सगळे धरून चालले होते. हंगाम संपला तेव्हा लीगमध्ये हिग्वाइनचे 27 गोल होते, रोनाल्डोचे 26 आणि बेंझेमाचे 8.

मी कोल्हापूरच्या तालीम संघांचा फुटबॉल बघत वाढलो. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत फॉरवर्डची किंमत बॉल जाळ्यात गेला की नाही, यावर ठरते. त्या हिशेबाने 27 आणि 8 यांत वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. पुढच्या हंगामात हिग्वाइन पाठीच्या दुखण्याने बाहेर गेला, तेव्हा प्रशिक्षक मोरिन्होने, शिकारीला न्यायला कुत्रा नसेल तर मांजर न्यावं लागतं, अशा अर्थाचं जाहीरपणे म्हटलं. मांजर कोण, हे कोणाला विचारावं लागलं नाही. मी तर ते वाक्य वादात वर्षानुवर्षं वापरलं.

2011-12 मध्ये रिअलने 100 गुण आणि 121 गोलांसह लीग जिंकली. हिग्वाइनने मैदानावर कमी वेळ मिळूनही 22 गोल केले, बेंझेमाने 21. पुढच्या वर्षी हाच हिशेब 16 विरुद्ध 11 असा होता. तरी 2013 मध्ये गेला तो हिग्वाइन, नापोलीला. खरं तर बाकावर बसून कंटाळलेल्या त्यानेच जायचं ठरवलं होतं. पण त्याला कंटाळा येऊ दिला तो क्लबने, असं माझं म्हणणं. 2015-16 मध्ये त्याने इटलीच्या लीगमध्ये 36 गोल करून नॉर्डालचा 1949-50 पासूनचा 35 गोलांचा विक्रम मोडला. माझ्या लेखी वाद तिथेच संपला होता.

तो पुन्हा उघडला मे 2017 मध्ये, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत. पहिला सामना रिअलने 3-0 असा जिंकला होता, पण परतीच्या सामन्यात अ‍ॅटलेटिकोने सुरुवातीलाच दोन गोल केले आणि काल्देरॉन स्टेडियम पेटून उठलं. अशा वेळी बेंझेमा डाव्या बाजूने मैदानाच्या शेवटच्या रेषेला चिकटून तीन बचावपटूंमधून बॉल घेऊन निघाला. तिथून वाट असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. त्याने बॉल मागे दिला, क्रूसचा फटका गोलरक्षक ओब्लाकने अडवला आणि परत आलेला बॉल इस्कोने जाळ्यात मारला. त्या गोलाने अ‍ॅटलेटिकोची आशा संपली. गोल अर्थातच इस्कोच्या नावावर लागला.

त्यानंतर मी बेंझेमाच्या पायांत बॉल नसताना त्याच्याकडे बघू लागलो. रोनाल्डो डावीकडून सुरुवात करायचा, पण त्याला जायचं असायचं गोलसमोर, अगदी मधोमध. तिथे आपलाच स्ट्रायकर उभा असेल तर त्याला धरून दोन बचावपटूही उभे असतात. बेंझेमा ती जागा सोडून मध्यरक्षकांपर्यंत खाली यायचा. एक बचावपटू त्याच्यामागे ओढला जायचा आणि रिकाम्या झालेल्या जागेत रोनाल्डो घुसायचा. रोनाल्डोने नऊ हंगामांत रिअलसाठी साडेचारशे गोल केले. त्यांतल्या किती गोलांसाठी बेंझेमाने जागा करून दिली, याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. हिग्वाइनची सगळी कला शेवटच्या बचावपटूच्या खांद्याला खांदा लावून उभं राहण्यात आणि क्षणात त्याच्या पाठीमागे पळण्यात होती. म्हणजे त्याला हवी होती तीही तीच जागा.

यावर माझाच जुना मुद्दा माझ्यासमोर येतो. 2009-10 मध्ये हिग्वाइन आणि रोनाल्डो यांनी मिळून लीगमध्ये 53 गोल केले, तेव्हा जागा कशी पुरली? माझं उत्तर असं की तेव्हाचा रोनाल्डो अजून बराचसा विंगर होता. पुढे तो जसजसा गोलकडे सरकला, तसतशी मधली जागा त्याला लागू लागली.

2017-18 मध्ये रिअलच्याच बर्नाबेऊ स्टेडियममधल्या प्रेक्षकांनी बेंझेमाला शिट्ट्या मारल्या. त्याच हंगामात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीच्या परतीच्या सामन्यात बायर्नविरुद्धचे दोन्ही गोल त्याचे होते. कीव्हच्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्धी गोलरक्षक कारियुसने हाताने फेकलेला बॉल पाय पुढे करून त्याने गोलमध्ये घालवला. मला मात्र तोवर या गोलांची गरज उरली नव्हती. प्रशिक्षक झिदान त्याला का खेळवतो, ते पाच गोलांच्या लीगमध्येच दिसलं होतं. त्याच उन्हाळ्यात रोनाल्डो युव्हेंटसला गेला. तिथे दोनच वर्षांपूर्वी नऊ कोटी युरो देऊन आणलेला स्ट्रायकर होता हिग्वाइन. त्याला उसनवारीवर मिलानला पाठवण्यात आलं. त्यामागे पैशाचं गणितही होतं, पण रोनाल्डोच्या शेजारची जागा त्याला दुसऱ्यांदा सोडावी लागली, हेही खरं.

रोनाल्डो गेल्यावर बेंझेमाने लीगमध्ये ओळीने 21, 21, 23 आणि 27 गोल केले. त्या आकड्यांचा आधार मी घेत नाही, कारण 2013 मध्ये ते कोणाच्याच हातात नव्हते. शिवाय निव्वळ गोल मारण्याच्या हातोटीत 2013 चा हिग्वाइन सरस होता, हे मत मी आजही सोडलेलं नाही. पण क्लबने कोणाला ठेवावं, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचं उत्तर शेजारी कोण खेळतो, यावर ठरतं. रोनाल्डो असलेल्या रिअलने बेंझेमालाच ठेवायला हवं होतं. रोनाल्डो नसता, तर माझं मत आजही हिग्वाइनलाच पडलं असतं.