तांबोशीचा रंग

पेडण्याच्या बाजारात मासे विकणाऱ्या एका मावशींना मी मोबाइलवर माझा एक फोटो दाखवला. ग्रँड आयलंडजवळ 12 मीटर खाली टिपलेली तांबोशी. मावशींनी एक डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही शिळी मरे!"

शिळी कसली, चांगली पोहत होती. पण त्यांचंही बरोबरच. तांबोशीचा तांबडा उतरला की मासा शिळा, हा त्यांचा रोजचा हिशेब. आणि माझ्या फोटोत ती राखेच्या रंगाची. समुद्राचं पाणी उन्हातला तांबडा सगळ्यांत आधी गिळतं. 5 मीटरवर तो बराचसा गेलेला असतो, 10 मीटरवर नावापुरता उरतो. मागोमाग नारिंगी, मग पिवळा. मी डिचोलीचा. खाणी जोरात होत्या तेव्हा पावसात आमच्या ओहोळांना लाल पाणी यायचं. शाळेचे पांढरे मोजे दुसऱ्या आठवड्यानंतर पांढरे राहिल्याचं आठवत नाही. तांबड्या रंगाचा मला कुठे तुटवडा पडेल, हे ध्यानीमनी नव्हतं.

सुरुवातीला मी तो विकत आणला. भिंगावर लाल फिल्टर चढवला, वर फ्लॅशही मारला. दिवसभराचे सगळे मासे हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखे! फिल्टर उथळ पाण्यात, नुसत्या उन्हावर काम करताना. फ्लॅश लावला की तो उतरवायचा. शिवाय लाल फिल्टर हा निळ्या समुद्राचा. आपलं मांडवी-जुवारीच्या गाळाचं पाणी हिरवं, त्याला किरमिजी फिल्टर मानवतो.

खरा इलाज म्हणजे जवळ जाणं. उजेड वरून माशापर्यंत येतो आणि माशापासून भिंगापर्यंत जातो. दोन्ही अंतरांत रंग झडतो. हातभरावरून मारलेल्या फ्लॅशला जाऊन-येऊन जेमतेम मीटर-दीड मीटर पाणी लागतं, तांबडा शाबूत परततो. लांबच्या खडकावर फ्लॅश मारणं म्हणजे बॅटरी फुकट घालवणं.

पण गढूळ पाण्यात फ्लॅशच उलटतो. फोटोभर पांढरे ठिपके, जणू पिठाची चाळण हलवली. याचं उत्तर मला आमच्या जुन्या घरात मिळालं. छपरातल्या काचेच्या कौलातून उन्हाची तिरीप येते, तिच्यात धूळ नाचताना दिसते. धूळ खोलीभर असते. दिसते ती तिरिपीतच. म्हणून आता दोन्ही फ्लॅश लांब दांड्यांवर दोन बाजूंना घेतो आणि तोंडं किंचित बाहेर वळवतो. माशाला झोताची नुसती कड लागते. भिंग आणि मासा यांच्यामधलं पाणी अंधारात राहतं, गाळही अंधारात.

फ्लॅश नसला तर पांढरी पाटी दाखवून कॅमेऱ्याला पांढरा ओळखायला लावतो, चार-पाच मीटर खाली उतरलं की पुन्हा. हे काम नंतर संगणकावर होईल म्हणणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की फाइलमध्ये जो तांबडा आलाच नाही तो ओढून काढायला गेलात, तर रंगाऐवजी लाल खसखस मिळते.

पुढच्या हंगामात हातभरावरून काढलेली तांबोशी मावशींना दाखवली. "ही ताजी," म्हणाल्या. मागचं पाणी निळं करून द्या, असं पुष्कळजण सुचवतात. मी ते हिरवंच ठेवलंय. गोव्याचा समुद्र हिरवाच आहे.