एवढ्या किल्ल्या कशाला?



मुलगा नोकरीला लागला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मी आयटीआयमध्ये नाव घातलं. ट्रेड 'कोपा', म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. दहावी पास असलं की चालतं, कोर्स एका वर्षाचा. वर्गातल्या मुली मला काकू म्हणायच्या.

लिनक्स काही डोक्यात शिरेना. मग घरी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे मराठी धडे लावायचे. थोडं ऐकायचं, थांबवायचं, स्वतः करून बघायचं. पवई आपल्या घाटकोपर-मुलुंडच्या इतकी जवळ, पण मला याचा पत्ताच नव्हता.

लिनक्समध्ये 'रूट' नावाचा यूजर असतो. त्याला सगळं उघडता येतं, तसं सगळं पुसताही येतं. सर बजावायचे, रोजचं काम साध्या यूजरने करा, गरज पडली तर त्या एका कामापुरतं 'सुडो' वापरा. मी कंटाळा केला. घरी रूट होऊनच बसायचे. एका दुपारी जागा रिकामी करताना 'आरएम' कमांड भलत्याच फोल्डरवर चालवली. त्यात सासूबाईंच्या आवाजातली अकरा रेकॉर्डिंग होती, भक्तामरसुद्धा. त्यांना जाऊन तीन वर्षं झालेली. 'आरएम'ने पुसलेलं कचरापेटीत जात नाही. आणि मामंजी रोज सकाळी तेच ऐकायचे.

त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आवाज माझ्या कानात आहे गं. पण तुला एवढ्या किल्ल्या हव्यातच कशाला?"

सांगलीच्या नणंदेच्या फोनमध्ये चार रेकॉर्डिंग सापडली. भक्तामर त्यात नव्हतं.

अपरिग्रह म्हटलं की मी साड्या आणि भांडी मोजायचे. अधिकाराचाही परिग्रह होतो, हे तेव्हा कळलं. आता घरात प्रत्येकाचा वेगळा यूजर आहे. महत्त्वाच्या फाइलींना ६४० परवानगी: वाचायचे ४, लिहायचे २. मालकाला दोन्ही मिळून ६, गटाला फक्त वाचायला ४, बाकीच्यांना ०. प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, नणंदेकडे. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून ऐकते. न तपासलेला बॅकअप असून नसल्यासारखाच.

परवा मंदिराच्या कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आलं. समितीच्या काकांनी सगळे पासवर्ड लिहिलेला कागद पुढे केला. मी म्हटलं, "काका, देणगीच्या हिशेबाचा नको. मला पाठशाळेचं तेवढंच द्या."

क्षमावाणीला मी पहिली मामंजींपुढे उभी राहिले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ती चार लाव बघू."

उत्तम क्षमा.