डावीकडचा टाळ

गेल्या दिवाळीला आमच्या चिरंजिवांनी पुण्याहून तीन खोकी पाठविली. फराळाचे डबे दुसरबीडहून पुण्याला आणि खोकी पुण्याहून दुसरबीडला, असा आमचा अलीकडचा व्यवहार आहे. खोक्यांवर बाण काढून 'ही बाजू वर' असे इंग्रजीत बजावले होते. आणणाऱ्या मुलाने तिन्ही खोकी उलटी ठेवली आणि माझी सही घेऊन तो गेला.

"काय आहे त्यात?" सौ.ने विचारले.

"आवाज," मी म्हटले.

"तो या घरात कमी होता का?" असे म्हणून ती चकल्यांकडे वळली. हे वाक्य तिला दोनदा म्हणावे लागले. पण त्या वेळी मी खोकी फोडीत होतो, त्यामुळे त्यात काही विशेष आहे असे मला वाटले नाही.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. गाण्याचे मला कळत काही नाही, पण वेड जुने आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरी बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागे. एरियलची तार दोन बांबूंच्या मधून छपरावर ताणलेली आणि दुसरी, 'अर्थ'ची तार, भिंतीवरून उतरून तुळशीवृंदावनाशेजारी जमिनीत गाडलेली. आई रोज तुळशीला पाणी घाली ते त्या तारेलाही पोचे, आणि रेडिओ सिलोन बुधवारी रात्री आठ वाजता खणखणीत लागे. त्या पाण्यात शास्त्र होते हे मला पुढे साठ वर्षांनी कळावयाचे होते.

रेडिओनंतर टेपरेकॉर्डर झाला, तबकड्या वाजविणारे यंत्र झाले, आणि शेवटी मोबाईलवर गाणी ऐकण्याइतकी अवनती झाली. चिरंजिवांना ती पाहवली नाही. खोक्यांतून एक ॲम्प्लिफायर निघाला, दोन लाकडी स्पीकर निघाले आणि काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक काळी डबी निघाली. तिचे नाव डॅक. जुन्या लॅपटॉपमध्ये गाणे आकड्यांच्या रूपाने साठविलेले असते. ते आकडे घेऊन त्यांचा पुन्हा विद्युतप्रवाह करावयाचा हे या डबीचे काम.

आकडे म्हटल्यावर मी सावरून बसलो. आमच्या शाळेत दिवसातून दोनदा हजेरी घेत. गाण्याची हजेरी सेकंदाला 44,100 वेळा घेतात! प्रत्येक खेपेस आवाजाची लाट कोठवर आली आहे ते पाहून 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीचा आकडा मांडून ठेवतात. 44,100च का? तर माणसाच्या कानाला सेकंदाला फार तर 20,000 कंपने ऐकू येतात, आणि लाट पुन्हा बिनचूक काढावयाची तर हजेरी त्याच्या दुपटीहून थोडी अधिक घ्यावी लागते. हिशोब मला इतका आवडला की त्यातल्या 'फार तर' या दोन शब्दांकडे माझे लक्ष गेले नाही.

जोडणी मी स्वतः केली. चिरंजीव मोबाईलवर चित्रासह हजर होते. सगळे जोडून बटण दाबले, आणि गाणे लावण्यापूर्वीच दोन्ही स्पीकरांतून एक गंभीर, अखंड 'घूं' सुरू झाला.

"तानपुरा छान लागलाय," सौ. म्हणाली. "गवई कधी यायचा?"

गवई आला तरी घूं जाईना. लॅपटॉप चार्जरवरून काढला की तो थांबे, जोडला की पुन्हा सुरू होई. शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. गणितात तो कच्चा होता; आता तालुक्यात वायरमन म्हणून त्याचा शब्द चालतो. त्याने घराला एक फेरी मारली आणि म्हणाला, "सर, तुमच्या घराला दोन अर्थिंग हायेत."

होते खरे. जुन्या घराचा एक खड्डा मागच्या अंगणात, आणि मागाहून बांधलेल्या खोलीचा दुसरा खड्डा पुढे. ॲम्प्लिफायर जुन्या घराच्या सॉकेटवर होता, लॅपटॉप नव्या खोलीच्या. दोन्ही जमिनीतच गेलेले, पण दोघांचा दाब अगदी सारखा नसतो; तो फरक मिटविण्यासाठी वीज गाण्याच्या तारेतून वाट काढते, आणि आपल्याकडची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावे खात असल्यामुळे तेवढ्याच खर्जात घूं करते. त्यात मागचा खड्डा सुकून ठणठणीत झालेला. आमच्याकडची काळी जमीन ओली असली तर लोणी, आणि सुकली की तिला हात जाईल एवढ्या भेगा.

"चार्जरची मोठी पिन काढून टाकली तर?" मी विचारले. हा सल्ला मला एका शेजाऱ्याने दिला होता.

"घूं जाईल सर. पण एखाद्या दिवशी तुम्ही बी जासाल."

विद्यार्थ्याने एवढे स्पष्ट उत्तर परीक्षेत कधी दिले नव्हते. त्याने दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणली, घूं नाहीसा झाला. मागच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतावयास सांगून, पैसे न घेता तो गेला. तेव्हा मला आईची तुळस आठवली.

दुसरा रोग किरकोळ होता. मधूनच 'टक्' असा आवाज येई. लॅपटॉपला दुसरे एखादे काम निघाले की आकडे डबीपर्यंत वेळेवर पोचत नसत. चिरंजिवांनी पुण्यातून सांगितले, "बाबा, बफर वाढवा." बफर म्हणजे काय, तर नळाला पाणी केव्हा येईल याचा नेम नसल्यामुळे आपण गच्चीवर जी टाकी बांधतो ती. टाकी मोठी केली, टक् गेला.

तिसरा रोग मात्र विलक्षण चिवट निघाला. पंडित भीमसेन जोशींचे अभंग लावले होते. आवाज मधोमध, अगदी समोर बैठक घातल्यासारखा. पखवाज, पेटी, सगळे जागच्या जागी. पण टाळ नुसता उजवीकडून येई. डावीकडे पखवाजाची थाप पोचे, आणि टाळ जणू रजेवर.

माझ्यातला शिक्षक जागा झाला. अशा वेळी पद्धत एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बिघाड कोठे जातो ते पाहायचे. ॲम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली. दोष डबीत किंवा ॲम्प्लिफायरमध्ये असता तर तो उजवीकडे गेला असता. तो डावीकडेच राहिला. म्हणजे स्पीकरमध्ये दोष. स्पीकर उचलून एकमेकांच्या जागी ठेवले. तरीही डावीकडेच. म्हणजे तार. तारा बदलल्या. डावीकडेच! उरली खोली. डाव्या बाजूला पडदा आहे, पडदा बारीक आवाज खातो असे वाचले होते, पडदा काढला. कपाट सरकविले. कपाटाखाली सौ.चे दोन वर्षांपूर्वी हरवलेले चांदीचे कुंकवाचे करंडे सापडले, एवढाच फायदा झाला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, थकून, मी खुर्ची उलटी फिरविली आणि स्पीकरांकडे पाठ करून बसलो. आणि टाळ डावीकडून यायचा थांबला तो थांबलेलाच होता. फक्त आता माझ्या डावीकडे दुसरा स्पीकर होता. मी पुन्हा तोंड फिरविले. पुन्हा पाठ केली. यंत्रे जागची हलली नव्हती. बिघाड माझ्याबरोबर फिरत होता.

सौ. दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"सापडला?" तिने विचारले.

मी काही बोललो नाही. ती येऊन माझ्या उजव्या बाजूला बसली. मग लक्षात आले की गेले वर्षभर ती जेवताना, गाडीत, अंगणात, नेहमी उजव्या बाजूलाच बसते आहे. आमची तिसेक वर्षांची जागा तिने न बोलता बदलली होती.

"फोन तुम्ही आधी डाव्या कानाला लावायचे," ती म्हणाली. "उजव्या हातानं लिहायला बरं, म्हणायचे. आता उजव्याला लावता. भाजीवाली साठ म्हणाली तर तुम्ही तिच्या हातावर आठ रुपये ठेवलेत आणि वर तिच्याशी भांडलात. मी सांगून पाहिलं, तर म्हणालात, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात."

जालन्याच्या कानाच्या डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून माझ्या कानावर शिट्या वाजविल्या आणि एक आलेख काढला. आलेख मी जन्मभर फळ्यावर काढले. हा पहिला, जो पाहून पोटात गोळा आला. उजव्या कानाची रेघ वयाप्रमाणे हळूहळू उतरत होती. डाव्याची रेघ 2,000 कंपनांपर्यंत चालली आणि पुढे विहिरीत पडल्यासारखी खाली गेली. वीस हजारांचा माझा हिशोब केव्हाच संपला होता. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, त, क ही व्यंजने वरच्या पट्टीत. साठातला स गेला की आठ उरतो. टाळही तिथेच राहतो.

"दोन कानांत एवढा फरक चांगला नाही," डॉक्टर म्हणाले. "बहुधा काही नसेल. पण ऐकण्याच्या नसेवर क्वचित गाठ असते. एम. आर. आय. करून घेऊ."

छत्रपती संभाजीनगरला जाऊन त्या नळकांड्यात पडून आलो. आत जो धडधडाट चालतो त्याला कसलाही ॲम्प्लिफायर लागत नाही. अहवाल यावयाला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत घरात गाणे लावले नाही. घूं नव्हता, टक् नव्हता, आणि सौ. रात्री दोनदा उठून मला पांघरूण घातले आहे का ते पाहून गेली. मी जागाच होतो, पण उजव्या कुशीवर निजलो होतो, त्यामुळे तिची पावले मला ऐकू आली नाहीत. हात लागला तेव्हा कळले.

गाठ नव्हती.

मग कानामागे बसणारे श्रवणयंत्र आले. चिरंजिवांना मी कळविले की घरातला सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत लहान डिजिटल संच आता माझ्या कानावर आहे. खरेच आहे ते: त्यात मायक्रोफोन आहे, आकडे करणारे यंत्र आहे, हवे तेवढे सूर वाढवून पुन्हा आवाज करणारा चिमुकला स्पीकर आहे. त्याचेही रोग आहेत. नीट बसले नाही तर त्याचाच आवाज त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि ते शिटी मारते, सौ.ला ती कुकरची वाटून तिने एकदा गॅस बंद केला. पहिले पंधरा दिवस सगळे जग पत्र्याचे झाले होते. वर्तमानपत्राचे पान उलटले की पत्रे वाजत.

आषाढी करून परतताना शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सिंदखेडराजाहून बीबीकडे आमच्या बाजूने जाते. यंदा मी रस्त्याच्या कडेला, मुद्दाम डावी बाजू दिंडीकडे करून उभा राहिलो. पाऊस भुरभुरत होता; यंत्र भिजू नये म्हणून सौ.ने माझ्या कानावर छत्री धरली होती, माझ्या बाकीच्या अंगावर नाही. टाळ आले. जरासे किनरे, जरासे परके. पण डावीकडून आले.

परवा बैठकीत वाचीत बसलो होतो. स्वयंपाकघरातून सौ. पुण्याला फोनवर बोलत होती, अगदी हळू: "आता जरा जपून बोलत जा हो. त्यांना सगळं ऐकू येतं."