चालू असलेली गोष्ट खोलणे

बेस वाजवणाऱ्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "हिला चारच तारा कशा?" आणि "गाण्यात तुझा आवाज नक्की कुठे येतो?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याच्या मागे मी गेले दोन वीकांत घालवले. वायरी, चुंबक वगैरेंचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी खुशाल पुढच्या आठवड्यात यावं.

माझा बेस म्हणजे फेंडरच्या प्रिसिजन बेसची स्वस्तातली नक्कल. लिओ फेंडरने मूळ प्रिसिजन १९५१ साली काढला, पण त्याचा प्रसिद्ध पिकअप १९५७चा. एकाच पिकअपचे दोन तुकडे करून मागेपुढे बसवलेले, एक ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी खाली. दोन कॉइल्स अशा उलटसुलट जोडलेल्या की बाहेरून घुसलेली विजेची गुणगुण एकमेकींत खोडली जाते. बेसवाल्याला याचं महत्त्व विचारा! आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसरा फ्रेट दाबला की वाजतो तो जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे साध्या पिकअपमधली गुणगुण ही शेजारी कोणी किंचित चढा तंबोरा लावून बसावं तशी.

पिकअपचं तत्त्व बारावीतलंच. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतः थोडी चुंबक होते, ती हलली की कॉइलमधलं क्षेत्र कमीजास्त होतं आणि फॅराडेसाहेबांच्या कृपेने व्होल्टेज मिळतं. मूळ पिकअपमध्ये तारांखाली जे आठ गोल ठिपके दिसतात ते अल्निकोचे दांडे, म्हणजे तेच चुंबक. माझ्या नकलेत मात्र ते साधे लोखंडी तुकडे होते आणि खाली फेराइटची काळी पट्टी चिकटवलेली. दिसायला सेम टू सेम. आवाज जाडा, गढूळ, गोधडीखालून आल्यासारखा.

अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि उरलेलं बहुतेक लोखंड. याची सुरुवात जपानच्या तोकुशिची मिशिमांनी १९३१ साली केली. पुढे १९७८मध्ये झैरेतल्या लढाईमुळे कोबाल्टचे भाव भडकले आणि स्पीकरवाले भराभर फेराइटकडे वळले. गिटारवाले मात्र अल्निकोला चिकटून राहिले. "अल्निको गोड, सिरॅमिक कर्कश" हे वाक्य तुम्हाला जिकडेतिकडे ऐकायला मिळेल. मला ते अर्धवट वाटतं. फेराइटची पट्टी कॉइलच्या बाहेर पडलेली असते, तिचा कॉइलच्या इंडक्टन्सशी फारसा संबंध नाही. खरा खेळ कॉइलच्या पोटातल्या लोखंडाचा. लोखंडाने इंडक्टन्स वाढतो, कॉइलचा रेझोनन्स खाली सरकतो आणि शिवाय एडी करंट्स त्याचं टोक बोथट करतात. लोखंड काढून अल्निको घातलं आणि इंडक्टन्स समजा पाव हिश्शाने उतरला, तर रेझोनन्स १५ टक्क्यांनी वर जातो. वर्गमूळाचा हिशोब आहे, घरी करून बघा.

तर चुंबक बदलायचे ठरले. अडचण एकच, आतली तार. ती ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, केसासारखी. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये ती थेट दांड्यांवरच गुंडाळलेली असते, तिथे दांडा ढकलला की वाइंडिंग गेलंच म्हणून समजा. माझ्यात प्लॅस्टिकचा बॉबिन होता, म्हणजे दांडे प्लॅस्टिकच्या भोकांत आणि तार बाहेरून. स्वस्त मालाचा हा एक फायदा.

हे सगळं घेऊन मी इचलकरंजीला गेलो, कारण व्हाइस आणि व्हर्नियर अण्णांकडे आहेत. अण्णांनी तीस वर्षं यंत्रमागांच्या मोटारी रिवाइंड केल्या. २०२०मध्ये दुकान बंद झालं ते झालंच. हत्यारं घरी आणून कपाटात लावली आणि ते कपाट त्यांनी परत उघडलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. माझ्या गिटारला ते "टुणटुणं" म्हणतात. इंजिनिअर होऊन हा दिवसभर नक्की काय करतो, हेही त्यांना मी कधी नीट सांगू शकलेलो नाही.

पिकअप हातात घेऊन पहिला प्रश्न, "जळलाय?"

"नाही अण्णा, चालू आहे."

"मग खोलतोयस कशाला?"

आयुष्यात त्यांनी चालू मोटर कधी खोलली नव्हती. मी इंडक्टन्सवर सुरू झालो तसे ते उठले आणि कपाटाची किल्ली शोधू लागले.

पुढचं काम त्यांच्या पद्धतीने झालं. आधी दोन्ही कॉइल्सचा रेझिस्टन्स मोजून कागदावर लिहिला. हेअर ड्रायरने गोंद मऊ करून पट्ट्या सोडवल्या. "हातोडी लावायची नाही, व्हाइसमध्ये दाब," म्हणाले. लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडून त्यावर बॉबिन टेकवला आणि एकेक तुकडा हळूहळू बाहेर. प्रत्येक तुकड्यानंतर मीटर. मध्ये भिंग लावून ते बराच वेळ त्या तारेकडे बघत बसले. "आम्ही वार्निश देऊन भट्टीत भाजायचो. हिला काय देतात?" मेण, म्हटलं, साधारण ६५ अंशांचं, त्याहून गरम केलं तर बॉबिनच वाकडा होतो. मान हलवली.

नवे दांडे घालताना मी होकायंत्र लावून दिशा सांभाळल्या, एका तुकड्यात उत्तर वर, दुसऱ्यात दक्षिण. गंमत म्हणजे प्रिसिजनमध्ये हे चुकलं तरी फारसं बिघडत नाही. गुणगुण खोडली जाते ती कॉइलच्या जोडणीने, आणि प्रत्येक तार एकाच तुकड्यावरून जाते. जॅझ बेसमध्ये मात्र तीच तार दोन पिकअप्सवरून जाते, तिथे एकाचेच चुंबक उलटले तर आवाज चिरका, पोकळ होतो.

दोन्ही रेझिस्टन्स होते तसेच आले. सोल्डर केलं, छोटा ॲम्प लावला. गढूळपणा बराच गेला, बोट तारेवर पडल्याचा आवाज येऊ लागला, ई तार आता तळाशी राहूनही वेगळी ऐकू येते. पट्टीतला बँडवाला म्हणेल तसा कायापालट वगैरे नाही. पण गाण्यात सापडेन मी.

अण्णा म्हणाले, "मघाशी बेअरिंग गेल्यासारखी घरघरत होती."

गेल्या रविवारी त्यांचा फोन. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, "त्याला वेढे किती असतात रे?"

"एका अर्ध्याला दहा हजारांच्या आसपास."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "हाताने नाही व्हायचं. मशीनला काउंटर लावावा लागेल."