व्हॅनची पिन, साताऱ्याचा सॉकेट

शुक्रवारी लॅपटॉप मिटायचा, भाड्याची कॅम्परव्हॅन घ्यायची आणि खंबाटकी घाट ओलांडला की सातारा आलाच! सप्टेंबरात कासचं पठार फुललेलं, पुढे कऱ्हाडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम, मग सांगली जिल्ह्यातलं चांदोलीचं जंगल. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यामुळे हे खूळ आता फक्त हॉलिवूडच्या सिनेमातलं राहिलेलं नाही.

प्रश्न येतो तो रात्री. व्हॅनची वायर लावायची कुठे? अमेरिकेत पार्किंगशेजारी खांबच असतो, ३० किंवा ५० अँपचा सॉकेट आणि त्याचा स्वतःचा ब्रेकर. आपल्याकडे बऱ्याचदा फार्महाउसच्या व्हरांड्यातला प्लग! कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटचा असला, तरी तुमच्या वाट्याला त्या भिंतीतून येईल तेवढीच वीज.

हिशेब सोपा आहे. २३० व्होल्टला ६ अँपचा छोटा प्लग १,३८० वॉट देतो. म्हणजे १,५०० वॉटची किटलीही त्याला जड! १६ अँपचा मोठा प्लग ३,६८० वॉट देतो. त्यावर एसी (१,२०० वॉट) आणि किटली चालेल, पण जोडीला २,००० वॉटचा गीझर लावलात तर भार प्लगच्या मर्यादेबाहेर जातो आणि एमसीबी पडू शकते.

मग काका म्हणतात, ‘थांबा, १६चा काढून ३२चा बसवतो!’ इथे हात जोडून नाही म्हणा. एमसीबी असते वायरीच्या रक्षणासाठी. वायर १६ची आणि ब्रेकर ३२चा, तर ब्रेकर पडणार नाही, भिंतीतली वायर तापत राहील. त्यापेक्षा गीझर बंद ठेवा आणि एसी लावून झोपा.

दुसरा जुगाड म्हणजे टू-पिन अॅडॉप्टर. त्यात अर्थिंग जातं. व्हॅनचा सांगाडा पत्र्याचा. आत कुठे वायर सोलली असेल, तर ओल्या गवतात उभं राहून दार उघडणाराच अर्थिंग होतो. आणि पठारावर सप्टेंबरात गवत ओलंच असतं.

निघताना एवढं घ्याच:
• थ्री-पिन सॉकेट टेस्टर. अर्थिंग नसेल, तर तिथे प्लग लावू नका.
• ३० मिलिअँपची आरसीसीबी. तिचं टेस्ट बटण दाबून बघा.
• जाड, थ्री-कोअर वायर. गुंडाळी पूर्ण सोडून वापरा, गुंडाळलेली तापते.

आधी व्हॅनमधलं सगळं बंद, मग पिन, मग स्विच. त्यानंतर सांगलीच्या भडंगाची पुडी फोडायला हरकत नाही!